देवाचे वस्त्र आणि तरुण विणकराचा माग

देवीची ओटी भरणे हा आपल्या घराघरांतील जिव्हाळ्याचा आचार आहे. नवरात्रात, चैत्रातील हळदकुंकवात, लेक सासरी निघताना, नवी सून उंबरठ्याच्या आत येताना ओटी भरली जाते. खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू एवढ्या मोजक्या वस्तू. पण त्या प्रत्येकीला अर्थ आहे. नारळ व तांदूळ घरात खर्ची पडतात, हळदकुंकू देवघरात जाते. खणाचे मात्र अलीकडे काय होते, ते आपल्या भगिनींना आमच्याहून अधिक ठाऊक आहे. या घरी मिळालेला खण कपाटात जातो, तेथून त्या घरच्या ओटीत जातो, तेथून तिसऱ्या घरी. चोळी शिवण्याजोगा तो नसतोच. कित्येकदा फिरत फिरत तो मूळ घरी परत येतो आणि त्याची घडी एकदाही मोडलेली नसते!

खण हा शब्द पूर्वी एका ठरावीक कापडाचा बोध करून देत असे. बागलकोट जिल्ह्यातील गुळेदगुड्ड येथे हातमागावर विणलेले, लहान पन्ह्याचे, अंगभर बारीक नक्षी व दोन्ही बाजूंस काठ असलेले ते वस्त्र बेळगाव, कोल्हापूर, पुणे या वाटांनी मराठी घरांत येत असे. त्याची चोळी शिवली जाई आणि ती वर्षानुवर्षे टिके. म्हणजे ओटीच्या निमित्ताने एका घरच्या स्त्रीला अंगावर घालण्याचे वस्त्र मिळे आणि दूरच्या एका घरी चूल पेटे. आज आचार तोच राहिला. परंतु त्याच्या दोन्ही टोकांना जी माणसे होती ती दोन्ही गळून गेली. घेणारीला त्याचा उपयोग नाही आणि करणाऱ्याचा पत्ता नाही.

प्रस्तुत पाठात आम्ही या दुसऱ्या टोकाचा, म्हणजे करणाऱ्याचा, विचार योजिला आहे. त्यातही जो तरुण आहे, ज्याने बापाच्या मागावर बसावे की बसू नये हे अजून ठरविलेले नाही, त्याच्याशी आपल्या देवकार्याचा काय संबंध आहे, हे सभासद कुटुंबांपुढे मांडावयाचे आहे.

१. अहिल्याबाईंनी काय केले

आपण माळव्यात राहणारी मराठी मंडळी. तेव्हा उदाहरणासाठी फार लांब जाण्याचे कारण नाही. इंदूरपासून सुमारे ९० किलोमीटरवर नर्मदेच्या काठी महेश्वर आहे. १७६७ मध्ये राज्याची सूत्रे हाती घेतल्यावर देवी अहिल्याबाई होळकरांनी तेथे आपली राजधानी केली आणि १३ ऑगस्ट १७९५ रोजी तेथेच देह ठेविला. २०२५ मध्ये त्यांच्या जन्मास ३०० वर्षे पूर्ण झाली. त्या निमित्ताने काशी विश्वनाथाचे मंदिर, सोमनाथ, देशभरचे घाट, धर्मशाळा व विहिरी यांचे स्मरण सर्वत्र झाले, आणि ते योग्यच होते.

परंतु त्याच बाईंनी महेश्वरात आणखी एक गोष्ट केली. बाहेरगावचे कुशल विणकर बोलावून आणिले, त्यांस वसण्यास जागा दिली आणि मागांचा उद्योग उभा केला. दरबारात येणाऱ्या पाहुण्यांस नजर करावयाची लुगडी व पागोट्यांची वस्त्रे त्या मागांवर विणली जात, असे परंपरेने सांगतात. येथे वाचकांनी थोडे थांबावे. अहिल्याबाईंच्या दानधर्मास सीमा नव्हती. अन्नछत्रे त्यांनी ठिकठिकाणी घातली. तथापि विणकरास त्यांनी अन्नछत्राच्या पंगतीत बसविले नाही. त्यास काम दिले आणि त्या कामाचे पहिले गिऱ्हाईक त्या स्वतः झाल्या. मंदिराचा कळस चढविणारी राज्यकर्ती मागाच्या खड्ड्याकडेही पाहात होती. धर्माच्या कल्पनेत त्यांनी या दोहोंत भेद केला नाही.

महेश्वरी लुगड्याची ओळख त्या काळापासून चालत आली आहे. काठ असा विणलेला असतो की वस्त्र दोन्ही बाजूंनी नेसता यावे. या काठास तेथे बुगडी म्हणतात. काठांवरील नक्षीची नावे ऐकावी: लहर, चटाई, ईंट, हीरा. किल्ल्याच्या व घाटाच्या दगडांवर जी वेलबुट्टी व जे चौकोन कोरलेले आहेत तेच धाग्यांत उतरले आहेत, आणि लहर ही तर समोरच्या नर्मदेची. एका पिढीच्या पाथरवटाचे काम पुढच्या पिढ्यांच्या विणकरांनी असे जतन केले. आपल्या आज्यांच्या ट्रंकांत एखादे तरी महेश्वरी लुगडे असे; लुगडे जीर्ण झाले तरी त्याची मऊ दुपटी होत आणि त्यांत नातवंडे वाढत.

२. साडी कशी तयार होते

किमतीविषयी बोलण्यापूर्वी कामाविषयी जाणून घेतले पाहिजे, कारण काम ठाऊक नसले की किंमत नेहमीच जास्त वाटते.

महेश्वरच्या साडीत बहुधा उभा धागा, म्हणजे ताणा, रेशमाचा आणि आडवा धागा, म्हणजे बाणा, सुताचा असतो. रेशीम व सूत दोन्ही दक्षिणेकडून येतात. प्रथम सूत धुऊन रंगवितात. मग ते उलगडून चरख्यावर कांड्या भरतात. हे काम पुष्कळदा घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया करतात. त्यानंतर मोठ्या गोल चौकटीवर ताणा गुंडाळला जातो. पुढचे काम पाहताना मात्र पाहणाऱ्याचेच डोळे दुखू लागतात. मागावर शिल्लक राहिलेल्या जुन्या ताण्याच्या टोकांना नव्या ताण्याचा एकेक धागा बोटांनी पिळून जोडावयाचा असतो, आणि असे धागे हजारोंनी असतात. एक धागा चुकला तर त्याची रेघ संपूर्ण साडीभर दिसते.

एवढे झाल्यावर विणकर मागावर बसतो. पायांनी पट्ट्या दाबून ताण्याचे धागे वरखाली करावयाचे, उजव्या हाताने दोरी ओढून धोटा या टोकाकडून त्या टोकाकडे पाठवावयाचा, डाव्या हाताने फणी ठोकून बाणा घट्ट बसवावयाचा. आणि डोळे नक्षीवर. साध्या साडीस तीन-चार दिवस लागतात, काठपदर भरगच्च असल्यास आठवडा वा त्याहूनही अधिक. विजेवर चालणारा यंत्रमाग तेवढ्याच दिवसांत कितीतरी साड्या टाकतो आणि एकच मनुष्य अनेक यंत्रांवर देखरेख ठेवू शकतो. म्हणून यंत्रावरची साडी स्वस्त पडते. यात कोणाची लबाडी नाही. वेळेचा साधा हिशेब आहे.

लबाडी होते ती पुढे. यंत्रमागावरची नक्कल महेश्वरी म्हणून, हातमागाची म्हणून, हातमागाच्या किमतीच्या आसपास विकली जाते. ठरावीक प्रकारच्या सुती व रेशमी साड्या हातमागासाठीच राखून ठेवणारा कायदा १९८५ मध्ये देशात झालेला आहे, आणि आज त्याच्या यादीत ११ प्रकारची वस्त्रे आहेत. परंतु गिऱ्हाईकच विचारीत नसेल तर कायदा एकटा काय करणार?

३. तरुण माग का सोडतो

आता आकडे पाहू. देशातील हातमाग कामगारांची, म्हणजे विणकर व त्यांस साह्य करणारे यांची, गणना शासन वेळोवेळी करिते. १९९५-९६ च्या गणनेत ही संख्या ६५ लाखांवर होती. २००९-१० मध्ये ती ४३.३१ लाख झाली, आणि २०१९-२० च्या चौथ्या गणनेत ३५.२२ लाख. पंचवीस वर्षांत जवळजवळ निम्मे हात मागावरून उठले. उरलेल्यांत दर दहांपैकी सात स्त्रिया आहेत. त्याच चौथ्या गणनेत असेही आढळले की सुमारे दोन-तृतीयांश विणकर कुटुंबांची मासिक मिळकत ५००० रुपयांहून कमी आहे.

हा शेवटचा आकडा ध्यानात ठेवावा. मग विणकराचा मुलगा पीथमपूरच्या कारखान्यात किंवा इंदूरच्या दुकानात पगारावर का जातो, हे कोणी निराळे सांगावयास नको. त्यास परंपरेचे प्रेम नाही, असे म्हणणे अन्यायाचे आहे. आम्ही पौरोहित्याच्या घरात वाढलो, म्हणून हा प्रश्न आम्हांस परका वाटत नाही. सन्मान पुष्कळ, नमस्कार पुष्कळ. पण श्रावणात एका दिवशी चार ठिकाणी जावे लागते आणि पौषात एकही बोलावणे येत नाही. वडिलांची विद्या मुलाने घ्यावी असे सर्वांस वाटते. मात्र महिनाअखेरीस वाण्याचे बिल त्या वाटण्याने फिटत नाही. विणकराचेही तसेच आहे. दसरा-दिवाळीच्या तोंडावर मागणीचा लोट येतो, त्यानंतर माग थंडावतो. तरुणास नोकरीत जो पगार मिळतो तो कित्येकदा फार मोठा नसतो. परंतु तो ठरल्या दिवशी मिळतो. त्याची ओढ रकमेपेक्षा निश्चितीकडे आहे.

यावरून आमचा मुख्य मुद्दा निघतो. तरुण कारागिरास हातांत धरून ठेवणारी गोष्ट म्हणजे ठरलेले, पुन्हा पुन्हा येणारे, योग्य मोलाचे काम. कौतुकाचे भाषण नव्हे, प्रदर्शनातील टाळ्या नव्हेत, आणि वर्षातून एकदा दया म्हणून केलेली खरेदीही नव्हे.

असे काम मिळाले तर काय घडते, याचे प्रमाणही महेश्वरातच आहे. संस्थानाचा आश्रय संपल्यावर तेथील माग मंदावत गेले होते. १९७८ मध्ये होळकर घराण्यातील रिचर्ड होळकर व त्यांच्या पत्नी सॅली ऊर्फ शालिनीदेवी होळकर यांनी तेथे रेहवा सोसायटी स्थापिली. रेवा हे नर्मदेचेच नाव. स्थानिक स्त्रियांना विणकामात आणून, रंग व नक्षी यांत काळास साजेसा फेर करून आणि मोठ्या शहरांतील गिऱ्हाईक जोडून देऊन संस्थेने मागांना पुन्हा काम मिळवून दिले. पुढे शालिनीदेवींनी आणखी एक संस्था काढली आणि महेश्वरात तरुण विणकरांसाठी हातमागाची शाळाही सुरू केली. निरनिराळ्या प्रांतांतील विणकरांची मुले तेथे येऊन नक्षीची रचना, हिशेब आणि गिऱ्हाइकाशी व्यवहार यांचे शिक्षण घेतात. २०२५ मध्ये त्यांस पद्मश्री देण्यात आली. आज महेश्वराच्या गल्ल्यांतून जाताना धोट्याचा आवाज कानी येतो तो अशा प्रयत्नांमुळे.

४. काही आक्षेप

पहिला आक्षेप असा की, यंत्र हे काही पाप नव्हे. हे आम्हांस मान्य आहे. गिरणीच्या स्वस्त कापडाने गरिबाचे अंग झाकले, हा उपकार विसरता येणार नाही. इंदूरमधील कितीतरी मराठी कुटुंबे गिरण्यांच्या पगारावर वाढली. पण तो आधारही कायमचा ठरला नाही. हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली आणि तेथील कामगारांच्या हक्काच्या रकमेचा निकाल लागावयास २०२३ साल उजाडावे लागले. तेव्हा यंत्राशी आमचे वैर नाही. यंत्रावर सर्व सोपवून हात रिकामे करू नयेत, एवढेच म्हणणे आहे. रोजच्या वापराच्या चादरी, शाळेचे गणवेश, दवाखान्याचे कापड यंत्राने विणावे. मात्र देवास अर्पण करावयाचे, लेकीस द्यावयाचे, वडीलधाऱ्यांच्या खांद्यावर घालावयाचे वस्त्र हाताचे असावे.

दुसरा आक्षेप खर्चाचा. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या कुटुंबाने हातमागाची साडी कोठून आणावी? प्रश्न रास्त आहे. यास आमचे उत्तर असे की, वर्षभरात सणावारी, लग्नमुंजीत ज्या पाच-सहा हलक्या साड्या आपण देण्याघेण्यासाठी आणतो आणि ज्या कोणीच नेसत नाही, त्यांचा खर्च एकदा वहीत मांडून पाहावा. त्यात एक चांगली साडी बहुधा बसते. ज्यांस तेवढेही शक्य नाही त्यांनी हातमागाचे उपरणे, पंचा, देवघरातील आसनाचे वस्त्र घ्यावे. कार्तिकात कुंभाराच्या चाकावरच्या पणत्या घ्याव्या. वस्तू लहान असली तरी चालते. ती दरवर्षी घेतली जावी.

तिसरा आक्षेप कोणी उघड बोलत नाहीत, पण मनात असतो. महेश्वरच्या मागांवर अन्सारी मुसलमान कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत, तशी हिंदू विणकर कुटुंबेही आहेत. तर देवाच्या वस्त्रासाठी हे चालेल काय? आमच्या मते हा प्रश्न अहिल्याबाईंनी आपल्या कृतीने सोडविला आहे. वारकरी परंपरेची श्रद्धाही तीच सांगते. कबीरांच्या मागावर साक्षात देव बसला, गोरोबा कुंभारांच्या घरी त्याने मडकी घडविली, असे संतचरित्रे सांगतात. ज्या कामास देवाने हात लावला त्या कामाचा विटाळ आपण मानणे शोभत नाही. गीतेच्या अठराव्या अध्यायात आपापल्या कर्मानेच ईश्वराची पूजा होते असे सांगितले आहे. त्या अर्थाने पाहता देवीस नेसविलेल्या साडीची एक पूजा देवळात येण्यापूर्वीच मागावर होऊन गेलेली असते.

५. देश, काल आणि पात्र

गीतेच्याच सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाचे लक्षण सांगताना योग्य देश, योग्य काल व योग्य पात्र या तीन कसोट्या दिल्या आहेत. खरेदी म्हणजे दान नव्हे, हे आधी स्पष्ट केले पाहिजे. कारागीर आपल्याकडे हात पसरीत नाही, तो माल देतो व मोल घेतो. तरीही याच तीन कसोट्या खरेदीस लाविल्या तर व्यवहाराची रीत आपोआप कळते.

देश म्हणजे कोठून घ्यावे. शक्य तर जेथे वस्तू होते तेथून, किंवा विणकरांच्या सहकारी संस्थेतून वा संघटनेतून घ्यावे. दुकानातून घेतल्यास ही कोणत्या गावची, कोणी विणली, असे विचारावे. एका गिऱ्हाइकाने विचारले तर दुकानदार हसतो. दहांनी विचारले की तो उत्तर तयार ठेवितो. हातमागाच्या खऱ्या मालावर लावावयाची हॅण्डलूम मार्क ही शासनाची खूण २००६ पासून आहे, ती पाहावी. वस्त्र उलटे करून पाहावे. हाताच्या विणीत कोठे धागा किंचित जाड, कोठे किंचित बारीक लागतो. त्यास खोट समजू नये. मात्र रंग जात असेल, वीण विरळ असेल, तर ती खोटच आहे, आणि ती स्पष्ट सांगावी. तरुण कारागिराचा खोटेपणाने गौरव केल्याने तो शिकत नाही. त्याचा माल चांगला म्हणूनच घ्यावा आणि तसा नसेल तर का नाही ते सांगून पुन्हा संधी द्यावी.

काल म्हणजे केव्हा घ्यावे. नवरात्राच्या आदल्या आठवड्यात धावपळ करून साडी मागणे म्हणजे विणकरास दोन वाईट मार्गांत ढकलणे होय. एक तर तो रात्रीचा दिवस करितो, नाही तर यंत्रमागाचा माल आणून पुढे करितो. तेच काम आषाढ-श्रावणात, हात मोकळे असताना, सांगून ठेवावे. सोबत विसार द्यावा. रेशीम व सूत त्यास आधी विकत आणावे लागते. जवळ पैसा नसला की तो व्यापाऱ्याकडून उधार घेतो आणि मग भाव व्यापारी ठरवितो. आपल्या विसाराने त्याची ती गाठ सैल होते. उरलेली रक्कम वस्तू हाती येताच द्यावी. पुढच्या महिन्यावर टाकू नये.

पात्र म्हणजे कोणाकडून घ्यावे. नामांकित, पारितोषिके मिळविलेल्या वयोवृद्ध कारागिरांकडे गिऱ्हाईक आपल्या पायांनी जाते. ज्याचे नाव अद्याप झालेले नाही, जो वीस-पंचवीस वर्षांचा आहे आणि ज्याने स्वतःच्या हिमतीवर एखादा माग घातला आहे, त्याच्याकडे आपण मुद्दाम जावे. त्यास नव्या नक्षीचे काम सांगावे. त्याने केलेली नक्षी उचलून दुसऱ्याकडून स्वस्तात करून घेणे ही मात्र चोरी समजावी. आणि भावाची घासाघीस? मोठ्या दुकानात छापील किमतीपुढे आपण मुकाट्याने पैसे मोजतो. मग मागावरून उठून आलेल्या मुलापुढेच शेपन्नास रुपयांसाठी आपली जीभ का चालावी?

६. शंभर घरांचा हिशेब

एखाद्यास वाटेल, आमच्या एका साडीने काय होणार? म्हणून एक साधा हिशेब मांडतो. समजा, मंदिराशी जोडलेल्या कुटुंबांपैकी १०० कुटुंबांनी वर्षाकाठी प्रत्येकी एक हातमागाची साडी घेतली. एका साडीस चार दिवस धरले तर हे ४०० दिवसांचे काम झाले. एका मागास वर्षभर पुरून वर उरेल एवढे! म्हणजे ज्या मुलाने उद्या कारखान्याच्या फाटकाशी उभे राहावयाचे ठरविले आहे, त्यास घरी राहण्यास १०० घरे पुरतात. शिवाय कांड्या भरणारी त्याची आई, ताणा गुंडाळणारा शेजारी, सूत रंगविणारा रंगारी यांचाही वाटा त्यात आला. ५० कुटुंबांनी घेतली तरी अर्ध्या वर्षाहून अधिक काम झाले. आणि हे काम एका वर्षापुरते न राहता ठरलेले झाले, तर तो मुलगा दुसरा माग घालण्याचा विचार करू लागेल.

थोड्याथोडक्यांच्या निश्चयाने काय होऊ शकते, हे आपल्या लोकांस नवे नाही. पुण्याचे गणेश वासुदेव जोशी, ज्यांस सार्वजनिक काका म्हणत, त्यांनी स्वदेशीचे व्रत घेतले आणि १८७७ च्या दिल्ली दरबारास ते खादीच्या वेषात गेले. त्या वेळी पुष्कळांस ते विचित्र वाटले असेल. परंतु पुढे ७ ऑगस्ट १९०५ रोजी कलकत्त्यात स्वदेशीची चळवळ घोषित झाली तेव्हा महाराष्ट्रात त्या विचाराची मशागत आधीच झालेली होती. त्याच दिवसाच्या स्मरणार्थ २०१५ पासून ७ ऑगस्ट हा राष्ट्रीय हातमाग दिन म्हणून पाळला जातो. हा दिवस बहुधा आषाढ-श्रावणातच येतो. नवरात्राचे काम सांगण्यास याहून सोयीची तारीख कोणती?

७. मंदिराचे कर्तव्य

कुटुंबांस सांगावयाचे आणि मंदिराने स्वतः स्वस्थ बसावयाचे, हे बरे नव्हे. आम्हांस सुचते ते असे. देवतेच्या वार्षिक वस्त्रांची मागणी संस्थेने वर्षारंभीच एखाद्या तरुण विणकराकडे नोंदवावी. सत्कारप्रसंगी ज्या शाली आपण देतो त्या ठोक बाजारातून डझनाने येतात व सत्कारमूर्तींच्या घरी तशाच पडून राहतात. त्यांऐवजी संख्येने कमी, पण हातमागाची उपरणी द्यावी व ती कोणी विणली ते सत्काराच्या वेळी सांगावे. ओटीसाठी आलेल्या वस्त्रांविषयी भक्तांस विनंती करावी की, दहा न नेसण्याजोग्या साड्यांपेक्षा दहा घरांनी मिळून एक नेसण्याजोगी साडी देवीस अर्पण करावी. ती पुढे प्रसाद म्हणून एखाद्या गरजू नववधूस देता येईल आणि ती खरोखर नेसेल. त्रिपुरी पौर्णिमेच्या दीपोत्सवास लागणाऱ्या पणत्यांची मागणीही पाऊस सरताच कुंभारवाड्यात द्यावी.

यांतील कोणत्याच सूचनेस नवा निधी लागत नाही. आहे तोच खर्च आहे. त्याची वाट तेवढी बदलावयाची आहे.

स्वाध्याय

सभासद कुटुंबांनी घरी एकत्र बसून पुढील प्रश्नांचा विचार करावा, मुलांसही त्यात घ्यावे.

(१) गेल्या वर्षभरात आपल्या घरी किती साड्या, खण व शाली भेट म्हणून आल्या? त्यांपैकी किती वापरल्या गेल्या?

(२) आपल्या देवघरातील कोणत्या वस्तू हाताने केलेल्या आहेत? त्या कोणत्या गावच्या, कोणत्या कारागिराच्या, हे घरात कोणास सांगता येते काय?

(३) येत्या नवरात्रासाठी आपल्या कुटुंबास एक कोणती वस्तू आधी काम सांगून, विसार देऊन करवून घेता येईल?

(४) ज्याचे नाव आपणांस ठाऊक आहे असा एकतरी तीस वर्षांखालील कारागीर आहे काय? नसल्यास तो कोठे भेटेल?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर ज्यांस सापडणार नाही त्यांनी महेश्वरास जावे. नर्मदेचे दर्शन घ्यावे, अहिल्याबाईंच्या देवघरापुढे हात जोडावे, आणि परतण्यापूर्वी विणकरांच्या गल्लीत शिरून जेथे धोट्याचा आवाज येईल त्या दारी थांबावे. आत बसलेल्या मुलास त्याचे नाव विचारावे आणि आपले काम सांगावे.